युलिऊ मानिऊ: तीन वेळा पंतप्रधान, तीन राजीनामे. व्याख्यानाची मांडणी कशी करावी?

अश्विनी_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या आमच्या अभ्यासगटात सध्या "दोन महायुद्धांमधला युरोप" ही मालिका सुरू आहे. त्यात रोमानियाचे पंतप्रधान युलिऊ मानिऊ यांच्यावर मला ४५ मिनिटं बोलायचं आहे, पुढे १५ मिनिटं प्रश्नोत्तरं. श्रोते सगळ्या तऱ्हेचे असतात. बँकेतून निवृत्त झालेले काका, स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली, शिवाय निफाड-दिंडोरीकडचे चार-पाच द्राक्ष आणि कांदा उत्पादक. ते नेमके प्रश्न विचारतात, त्यामुळे वरवरचं बोलून चालणार नाही.

पुढच्या ठिकाणी मी अडकले आहे:

मानिऊ किती वेळा पंतप्रधान झाले? कुठे दोनदा लिहिलंय, कुठे तीनदा. राजीनाम्याच्या तारखाही दोन-दोन दिवसांनी वेगळ्या सापडतात.

शेतकऱ्यांचा पक्ष एवढ्या मोठ्या बहुमताने सत्तेवर आला, मग शेतकऱ्यांच्या पदरात काय पडलं? बागायतदार मंडळी हे विचारणारच.

१९३० साली चार महिन्यांत दोन राजीनामे का दिले?

लोकशाहीवादी माणसाने १९३७ मध्ये फॅसिस्ट संघटनेशी करार केलाच कसा?

आणि शेवटची अटक, खटला, तुरुंग हा भाग किती वेळात सांगावा?

---

गोदाकाठचा_वाचक

अश्विनीताई, विषय छान निवडलात. आपल्याकडे रोमानिया म्हटलं की कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या मागे कुणी जात नाही.

सुरुवात जन्मतारखेने करू नका, नकाशाने करा. मानिऊंचा जन्म ८ जानेवारी १८७३ चा. घर बदचिन गावात, शिमलेऊ सिल्वानिए या छोट्या शहराजवळ. आज हा भाग रोमानियात आहे, पण तेव्हा ट्रान्सिल्व्हेनिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता आणि कारभार बुडापेस्टहून चालायचा. म्हणजे हा माणूस वयाच्या ४५ व्या वर्षापर्यंत रोमानियाचा नागरिकच नव्हता. हे एकदा श्रोत्यांच्या लक्षात आलं की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं. नकाशे दोन दाखवा, १९१४ चा आणि १९२० नंतरचा. एकाच नकाशावर दोन्ही सीमा काढल्या तर मागच्या रांगेला काही कळत नाही.

शिक्षण कायद्याचं. क्लुज, बुडापेस्ट आणि व्हिएन्ना इथे शिकून १८९६ मध्ये कायद्याची डॉक्टरेट मिळवली. नंतर ब्लाज या गावी ग्रीक-कॅथलिक चर्चचे वकील. ही चर्च नीट समजून घ्या. पूजाविधी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स पद्धतीचे, पण निष्ठा रोमच्या पोपशी. ट्रान्सिल्व्हेनियातल्या रोमानियन लोकांच्या शाळा, छापखाने आणि राजकारण बऱ्याच अंशी तिच्या आधाराने उभं राहिलं. बुखारेस्टचे राजकारणी बहुतेक ऑर्थोडॉक्स, पॅरिसमध्ये शिकलेले. मानिऊंचं वळण व्हिएन्ना-बुडापेस्टचं. कायद्याचं कलम, लेखी निवेदन, ठराव आणि वाट पाहणं ही त्यांची हत्यारं. बुखारेस्टमध्ये त्यांना "बदचिनचा स्फिंक्स" म्हणत, कारण मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर दिसत नसे.

१९०६ ते १९१० ते हंगेरीच्या संसदेत होते. नाशिककर श्रोत्यांना काळाची खूण हवी असेल तर सांगा, विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर गोळी झाडली (२१ डिसेंबर १९०९) तेव्हा मानिऊ बुडापेस्टच्या संसदेत रोमानियन शेतकऱ्यांच्या मताधिकारासाठी भांडत होते. तिथे मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर बेतलेला होता, त्यामुळे लोकसंख्येच्या मानाने रोमानियन खासदार फारच थोडे निवडून येत.

आता हमखास होणारी चूक. १ डिसेंबर १९१८ ला आल्बा युलिया इथे ट्रान्सिल्व्हेनियाने रोमानियात सामील व्हायचं ठरवलं. १,२२८ प्रतिनिधी हजर होते. तो ठराव मानिऊंनी वाचला असं बरेच जण सांगतात. ठराव वाचला वासिले गोल्दिश यांनी, आणि बाहेर मैदानातल्या जमावापुढे तो वाचला बिशप युलिऊ होसू यांनी. मानिऊंचं मोठं काम त्याच्या आधी व्हिएन्नात आणि नंतर सिबिऊत झालं. साम्राज्य कोसळत असताना त्यांनी व्हिएन्नातल्या रोमानियन सैनिकांना संघटित ठेवलं. विलीनीकरणानंतर सिबिऊत "संचालक मंडळ" बसलं, त्याचे अध्यक्ष मानिऊ. एप्रिल १९२० मध्ये बुखारेस्टने ते बरखास्त करेपर्यंत ट्रान्सिल्व्हेनियाचा कारभार याच मंडळाकडे होता. त्यांना कारभार येत नव्हता हा आरोप इथे टिकत नाही.

१५ ऑक्टोबर १९२२ ला त्याच आल्बा युलियात राजा फर्डिनंडचा राज्याभिषेक झाला. मानिऊ गेले नाहीत. कारण सत्ताधारी लिबरल पक्षाने तो आपला सोहळा करून टाकला होता. ही गैरहजेरी सांगायला विसरू नका. नको त्या गोष्टीपासून बाजूला होणं ही त्यांची रीत आयुष्यभर दिसते, आणि तुमच्या तीन राजीनाम्यांचं मूळही तिथेच आहे.

कारकिर्दी तीन:
१० नोव्हेंबर १९२८ ते ७ जून १९३०
१३ जून ते ८ ऑक्टोबर १९३०
२० ऑक्टोबर १९३२ ते जानेवारी १९३३ चा मध्य

पहिल्या दोहोंमध्ये जेमतेम आठवडाभराचं मिरोनेस्कू यांचं मंत्रिमंडळ येतं, म्हणून काही जण त्या दोन्ही एकच धरतात. तारखांमधला फरक असा पडतो की कुणी राजीनामा दिल्याचा दिवस घेतं, कुणी पुढच्या मंत्रिमंडळाच्या शपथेचा. ऑक्टोबर १९३० मध्ये म्हणूनच ८ आणि १० या दोन्ही तारखा सापडतात. तुम्ही सगळीकडे एकच पद्धत वापरा आणि सुरुवातीलाच ती सांगून टाका. तिन्ही कारकिर्दी मिळून काळ भरतो दोन वर्षं आणि वर थोडे महिने. ८० वर्षांचं आयुष्य, त्यात सत्ता एवढीच. व्याख्यानाचे ४५ मिनिटं वाटताना हे ध्यानात ठेवा.

आणखी एक. १९१९ पर्यंत रोमानियाच्या राज्यात जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं. १ एप्रिल १९१९ ला त्यांनी तारीख १३ दिवस पुढे ढकलली. हंगेरीच्या बाजूला आधीपासून नवं कॅलेंडर होतं. त्यामुळे १९१८ च्या घटनांमध्ये बुखारेस्टच्या आणि ट्रान्सिल्व्हेनियाच्या तारखा एका यादीत मिसळू नका.

---

खातेवही

शेतकऱ्यांचा प्रश्न मी घेतो. बँकेतले काकाही याच भागात कान टवकारतील.

आधी पक्ष समजून घ्या. १९२६ च्या ऑक्टोबरात दोन पक्ष एक झाले. एक मानिऊंचा ट्रान्सिल्व्हेनियातला राष्ट्रीय पक्ष, दुसरा इऑन मिहालाके यांचा जुन्या रोमानियातला शेतकरी पक्ष. मिहालाके गावच्या शाळेत शिक्षक होते आणि संसदेतही शेतकऱ्याच्या पारंपरिक वेशात जात. नवा पक्ष राष्ट्रीय शेतकरी पक्ष. म्हणजे मानिऊ मुळात शेतकरी नेते नव्हते. ते राष्ट्रीय हक्कांचे वकील. शेतीचा विचार मिहालाके आणि अर्थतज्ज्ञ विर्जिल मादजारू यांच्याकडून आला.

जमीनवाटप त्यांच्या आधीच, १९२१ च्या कायद्याने होऊन गेलं होतं. सुमारे ६० लाख हेक्टर जमीन मोठ्या मालकांकडून घेतली गेली आणि सुमारे १४ लाख कुटुंबांना मिळाली. युरोपातल्या मोठ्या जमीनसुधारणांपैकी ही एक. आपल्या कूळकायद्याशी तुलना होणारच, पण फरक सांगा. आपल्याकडे कसणाऱ्या कुळाला तीच जमीन मिळाली. तिकडे जमीनदाराचं क्षेत्र काढून घेऊन त्याचे तुकडे वाटले. जमीन मिळाली, पण बैल, नांगर, बियाणं, भांडवल काहीच मिळालं नाही. तुकडे लहान, त्यात वारसांमध्ये पुन्हा वाटण्या. कर्ज गावच्या सावकाराकडून किंवा छोट्या बँकेकडून, व्याज जबर.

लिबरल पक्षाचं धोरण "आपल्याच बळावर" हे होतं. परकी भांडवल नको, आयातीवर चढे कर, देशी कारखान्यांना संरक्षण. त्याचा भार शेतकऱ्यावर पडायचा. त्याचं धान्य बाहेर जाताना निर्यातकर लागे आणि त्याला लागणारा लोखंडी नांगर आयातकरामुळे महाग. मानिऊ सरकारने उलटी दिशा धरली, "उघडे दरवाजे". निर्यातकर उतरवले. १९२९ मध्ये सहकार कायदा आणला, शेतीकर्जासाठी कायदा केला, जमीनसुधारणेत मिळालेल्या जमिनींच्या विक्रीवरची बंधनं सैल केली. १९२४ चा खाणकायदा परकी कंपन्यांना अनुकूल करून घेतला. कागदावर सगळं सुसंगत.

मग चलन. फेब्रुवारी १९२९ मध्ये लेउ हे चलन सोन्याशी बांधलं. एक लेउ म्हणजे ०.९०० शुद्धतेचं १० मिलिग्रॅम सोनं, म्हणजे ९ मिलिग्रॅम शुद्ध सोनं. तेव्हाच्या अमेरिकी डॉलरमध्ये सुमारे १.५ ग्रॅम शुद्ध सोनं असायचं. भागाकार केला की एका डॉलरला साधारण १६७ लेउ येतात. महायुद्धापूर्वीचा लेउ फ्रेंच फ्रँकच्या बरोबरीचा, सुमारे २९० मिलिग्रॅम शुद्ध सोन्याचा होता. म्हणजे युद्धाआधीच्या एका लेउच्या जागी आता ३२ लेउ. लिबरल मंडळींना जुनी किंमत हळूहळू परत आणायची होती. मानिऊ सरकारने नाद सोडला आणि आहे त्या किमतीला चलन बांधलं. माझ्या मते निर्णय बरोबर होता. वेळ मात्र भयंकर वाईट.

यासाठी परदेशातून कर्ज उभारलं. व्याज ७ टक्के, मुदत १९५९ पर्यंत, तारण म्हणून तंबाखू, मीठ, आगपेट्या अशा सरकारी मक्तेदाऱ्यांचं उत्पन्न. स्वीडिश आगपेटीसम्राट इव्हार क्रूगर यांचाही त्यात वाटा होता आणि बदल्यात त्यांना रोमानियातली आगपेट्यांची मक्तेदारी मिळाली. नॅशनल बँकेत सल्लागार म्हणून फ्रेंच अर्थतज्ज्ञ शार्ल रिस्त येऊन बसले.

आणि त्याच १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा बाजार कोसळला.

बागायतदारांना हे असं समजवा. कांद्याला बरा भाव असताना त्या भावाच्या हिशोबाने सोसायटीचं कर्ज काढलं, माल निघाला तेव्हा भाव पडला, पण हप्ता तेवढाच राहिला. रोमानियात हे प्रत्येक गव्हाच्या आणि मक्याच्या शेतात झालं, आणि तेच सरकारच्या तिजोरीतही झालं, कारण सरकारने सोन्याच्या किमतीत कर्ज घेतलं होतं आणि देशाची निर्यात म्हणजे प्रामुख्याने धान्य, तेल आणि लाकूड. चलन सोन्याला बांधलेलं, म्हणून अवमूल्यन करता येईना. मग उरलं काय? खर्चकपात आणि सरकारी नोकरांच्या पगारात कपात. शेतकऱ्याच्या कर्जमाफीचे कायदे १९३२ आणि १९३४ मध्ये आले, दोन्ही दुसऱ्यांच्या सरकारांनी केले. शेतकऱ्यांच्या पक्षाची खरी हानी इथे झाली.

एक गोष्ट लपवू नका. ऑगस्ट १९२९ मध्ये लुपेनीच्या कोळसा खाणीतल्या संपावर सैनिकांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक कामगार मेले. सरकार मानिऊंचं होतं.

---

मतपेटी

निवडणुकीच्या कायद्याशिवाय १९२८ ही समजत नाही आणि १९३७ ही. तो फळ्यावर लिहूनच दाखवा, पाच मिनिटांत होतं.

१९२६ चा कायदा लिबरलांनी केला. ज्या पक्षाला देशभरात ४० टक्के मतं मिळतील त्याला आधी निम्म्या जागा बक्षीस. उरलेल्या निम्म्या जागा सगळ्यांना मतांच्या प्रमाणात, आणि त्यातही बक्षीसवाला पुन्हा हिस्सेदार. २ टक्क्यांखालच्या पक्षाला काहीच नाही. उदाहरण घ्या. सभागृह ३८७ चं, एका पक्षाला बरोबर ४० टक्के मतं. आधी साधारण १९३ जागा, मग उरलेल्या १९४ पैकी ४० टक्के म्हणजे ७७-७८. एकूण २७० च्या आसपास. ४० टक्के मतांवर ७० टक्के सभागृह.

आता रोमानियातली प्रथा जोडा. राजा आधी पंतप्रधान नेमायचा, तो पंतप्रधान निवडणूक घ्यायचा आणि प्रशासन हाताशी असल्यामुळे बहुतेक तोच जिंकायचा. जिल्ह्याचा प्रिफेक्ट (प्रशासनाचा प्रमुख) सरकारचा, पोलीस सरकारचे, मतदारयाद्या सरकारच्या. मतमोजणी ही बरीचशी औपचारिकता होती. डिसेंबर १९२८ ची निवडणूक वेगळी. त्या काळातली सर्वांत मोकळी निवडणूक म्हणून ती ओळखली जाते, आणि तीत मानिऊंच्या पक्षाला सुमारे ७८ टक्के मतं मिळाली. एवढ्या मतांना बक्षिसाची गरजच नव्हती. पण कायदा तसाच राहिला. माझ्या लेखी मानिऊंचं सर्वांत महागात पडलेलं दुर्लक्ष हेच. प्रचंड बहुमत हातात असताना तो मोडून साधं प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणायला हवं होतं. त्यांनी स्थानिक कारभाराचा कायदा केला (१९२९), देशाचे सात प्रादेशिक विभाग पाडून सत्ता बुखारेस्टबाहेर नेली. चांगलं पाऊल होतं, पण १९३१ मध्ये ते मोडीत निघालं.

१९३७ कडे या. सत्तेत लिबरल पक्षाचे जॉर्जे तातारेस्कू, पाठीशी राजा कारोल दुसरा. निवडणूक डिसेंबरमध्ये. मानिऊंना माहीत होतं की प्रशासन वापरून ४० टक्के गाठले जाणार. २५ नोव्हेंबर १९३७ ला त्यांनी करार केला. एका बाजूला कोर्नेलिऊ कोद्रेआनू यांची फॅसिस्ट संघटना आयर्न गार्ड (निवडणुकीत नाव "सर्व काही देशासाठी"), दुसऱ्या बाजूला वेगळ्या लिबरल गटाचे जॉर्जे ब्रातियानू.

कराराची व्याप्ती अचूक सांगा. एकत्र उमेदवार नव्हते, जागावाटप नव्हतं, समान कार्यक्रम नव्हता. एकमेकांवर हल्ले करायचे नाहीत आणि सरकारी दडपशाही व मतचोरीविरुद्ध मिळून उभं राहायचं, इतकंच. याला युती म्हणाल तर ते चूक ठरेल.

निकाल: सरकार ३५.९ टक्के, मानिऊंचा पक्ष २०.४, आयर्न गार्ड १५.६, गोगा-कुझा यांचा ज्यूद्वेष्टा पक्ष ९ च्या थोडं वर. सत्तेवर असताना निवडणूक हरणारं हे रोमानियातलं पहिलं सरकार. म्हणजे करार ज्यासाठी केला ते साधलं. पण राजाने पंतप्रधान कुणाला केलं? चौथ्या क्रमांकावरच्या गोगांना. दीड महिन्यातच, फेब्रुवारी १९३८ मध्ये, संसदीय राजवट गुंडाळून स्वतःची हुकूमशाही आणली. आणि आयर्न गार्डला मानिऊंच्या नावाने जी प्रतिष्ठा मिळाली ती कुणी परत घेऊ शकलं नाही. गावोगावचे शेतकरी म्हणू लागले, खुद्द मानिऊ यांच्याशी बोलतात तर ही मुलं इतकी वाईट नसतील. मे १९३८ मध्ये कोद्रेआनूवर खटला झाला तेव्हा मानिऊ बचावाचे साक्षीदार म्हणून उभे राहिले. १९४० च्या नोव्हेंबरात याच गार्डने मादजारूंना, म्हणजे मानिऊंच्याच पक्षाच्या अर्थतज्ज्ञाला, ठार मारलं.

---

अश्विनी_इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. खातेवही काका, चलनाचा भागाकार मी तसाच फळ्यावर करणार आहे. १९३० चे दोन राजीनामे अजून राहिले. आणि मतपेटी यांना एक विचारायचं आहे. करार राजाविरुद्ध होता की गार्डच्या बाजूने? श्रोते नेमकं इथेच भांडतील.

---

गोदाकाठचा_वाचक

राजाविरुद्ध. आणि ते वैर १९३० मध्येच सुरू झालं, म्हणून तुमचे दोन्ही प्रश्न एकत्रच सुटतात.

कारोलने डिसेंबर १९२५ मध्ये गादीवरचा हक्क सोडला होता, कारण एलेना लुपेस्कू यांच्याशी असलेले संबंध. १९२७ मध्ये राजा फर्डिनंड वारला आणि कारोलचा पाच वर्षांचा मुलगा मिहाइ राजा झाला. कारभार तिघांच्या रिजन्सीकडे, म्हणजे अज्ञान राजाच्या वतीने राज्य पाहणाऱ्या मंडळाकडे. मानिऊंनी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली ती या राजाशी निष्ठेची.

६ जून १९३० ला कारोल विमानाने परतला. आपल्याकडे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू होऊन तीन महिने झाले होते, तो हा काळ. कारोलने परत यावं याला मानिऊंचा विरोध नव्हता. त्यांच्या अटी होत्या. मिहाइची आई राणी एलेना हिच्याशी समेट करायचा आणि लुपेस्कूबाईंना देशात आणायचं नाही. पण मिहाइच्या नावाने घेतलेली शपथ मोडून कारोलला राजा घोषित करणं त्यांच्या नीतीत बसेना. म्हणून ७ जूनला राजीनामा. ८ जूनला संसदेने कारोलला राजा केलं आणि १३ जूनला नव्या राजाची नवी शपथ घेऊन मानिऊ परत पंतप्रधान. पहिला राजीनामा शपथेसाठी होता, सत्ता सोडण्यासाठी नव्हे.

दुसरा मात्र खरा. उन्हाळ्यात लुपेस्कूबाई गुपचूप परतल्या. दिलेला शब्द मोडला गेला म्हणून मानिऊ ऑक्टोबरात बाहेर पडले. तिसरा, जानेवारी १९३३ चा, बुखारेस्टचे पोलीसप्रमुख गाव्रिला मारिनेस्कू आणि जेंडार्मरीचे (लष्करी धाटणीच्या पोलीस दलाचे) प्रमुख यांच्यावरून. गृहमंत्री मिहालाके यांना ते बदलायचे होते आणि राजा आपली माणसं सोडेना. या तिसऱ्याला लुपेस्कू प्रकरणाच्या शेपटीला बांधू नका. पोलीस कुणाच्या हुकमात, मंत्र्याच्या की राजाच्या, हा घटनेचा प्रश्न होता.

माझं मत स्पष्ट सांगतो. तिन्ही वेळा ते तत्त्वाला धरून होते आणि तिन्ही वेळा फायदा कारोलचा झाला. ते बाजूला झाले की राजाला पक्षातलाच दुसरा कुणी तरी मऊ माणूस मिळायचा, मिरोनेस्कू किंवा वायदा-वोयेवोद. वायदांनी तर १९३५ मध्ये पक्ष फोडला. राजीनामा हे हत्यार बुडापेस्टमध्ये चालायचं, कारण तिथे त्यांच्याकडे गमवायला सत्ता नव्हती. बुखारेस्टमध्ये ते उलटं पडत गेलं. व्याख्यानाचा कणा हाच ठेवा असं मी सुचवेन.

---

मतपेटी

कणा बरोबर, निष्कर्ष मला पूर्ण मान्य नाही. १९३३ नंतर पोलीसच राजाच्या मुठीत होते, तर खुर्चीला चिकटून मानिऊंनी मिळवलं काय असतं? तातारेस्कू चार वर्षं टिकले ते राजाचं ऐकून. आणि करार राजाविरुद्ध होता हे खरं असलं तरी तेवढ्याने तो माफ होत नाही, हेही श्रोत्यांना सांगा. आयर्न गार्डने १९३३ मध्येच पंतप्रधान इऑन दुका यांचा खून केला होता. १९३७ मध्ये ती संघटना कशी आहे हे ठाऊक नसलेला माणूस रोमानियात नव्हता.

---

कलम_आणि_कोर्ट

शेवटचा भाग १२ मिनिटांपेक्षा कमी करू नका. बहुतेक वक्ते इथे घाई करतात आणि थेट तुरुंगात पोचतात. मधली साखळी अशी.

३० ऑगस्ट १९४० ला जर्मनी-इटलीने दिलेल्या व्हिएन्ना निवाड्याने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला गेला. सुमारे ४३,००० चौरस किलोमीटर, त्यात क्लुज आणि मानिऊंचं बदचिनही. कारोल सप्टेंबरात पायउतार झाला, मिहाइ पुन्हा राजा झाला, सत्ता मात्र जनरल इऑन आन्तोनेस्कू यांच्याकडे. १९४१ मध्ये रोमानिया जर्मनीबरोबर सोव्हिएत संघाविरुद्ध उतरला. सोव्हिएत संघाने १९४० मध्ये घेतलेले बेसाराबिया आणि उत्तर बुकोविना हे प्रांत परत घ्यायला मानिऊंचा पाठिंबा होता, द्निस्टर नदीपलीकडे जायला विरोध. ही रेघ महत्त्वाची. त्यांना सरसकट युद्धविरोधी ठरवू नका.

जून १९४४ मध्ये चार पक्षांची आघाडी झाली, राष्ट्रीय शेतकरी, लिबरल, सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट. २३ ऑगस्टला राजा मिहाइने आन्तोनेस्कूंना अटक केली. मानिऊंनी पंतप्रधानपद नाकारलं. युद्धविरामाची सही लष्करी सरकारने करावी असं त्यांचं म्हणणं. जनरल सनातेस्कू पंतप्रधान झाले, मानिऊ बिनखात्याचे मंत्री. हा चौथा नकार गोदाकाठच्या वाचकांच्या मुद्द्याला जोडून घ्या, तो तिथेच शोभतो. ६ मार्च १९४५ ला सोव्हिएत दबावाखाली पेत्रू ग्रोझांचं, कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखालचं सरकार आलं. १९ नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकीत सरकारी आघाडीला अधिकृतपणे सुमारे ७० टक्के मतं दाखवली गेली. हे आकडे सांगताना "अधिकृत" हा शब्द गाळू नका, कारण निकाल बनावट होते.

१४ जुलै १९४७, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी. बुखारेस्टजवळच्या तमदउ इथल्या धावपट्टीवर मिहालाके आणि पक्षाचे इतर नेते विमानाने देशाबाहेर पडायच्या बेतात असताना पकडले गेले. मानिऊ तिथे नव्हते. पळून जाताना मानिऊ पकडले गेले असं लिहिलेलं दिसलं तर ते चूक समजा. परदेशात पक्षाचा आवाज उठवायला सहकाऱ्यांना पाठवायचा बेत त्यांना माहीत होता, स्वतः मात्र त्यांना देशातच राहायचं होतं. जुलैअखेर पक्षावर बंदी, ऑक्टोबरच्या शेवटी लष्करी न्यायालयात खटला, ११ नोव्हेंबर १९४७ ला शिक्षा. मानिऊ आणि मिहालाके दोघांनाही जन्मठेप. मानिऊंचं वय ७४.

आरोप राजद्रोहाचा. पुरावा म्हणून अमेरिकी आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांशी झालेल्या भेटीगाठी. इथे कायद्याच्या अंगाने एक गोष्ट ठळक करा. हे दोन्ही देश १९४४ पासून रोमानियावर देखरेख करणाऱ्या मित्रराष्ट्रांच्या आयोगात अधिकृतपणे होते. विरोधी पक्षनेत्याने त्यांच्या प्रतिनिधींना भेटणं हा गुन्हा कसा, या प्रश्नाला खटल्यात उत्तर नव्हतं.

आधी गालाट्सचा तुरुंग, १९५१ च्या ऑगस्टमध्ये सिगेत. नकाशावर सिगेत जरूर दाखवा. अगदी उत्तरेला, तेव्हाच्या सोव्हिएत सीमेवर. माजी मंत्री, बिशप, प्राध्यापक यांना मुद्दाम तिथे ठेवलं होतं. आल्बा युलियात ठराव वाचणारे बिशप होसूही तिथेच कैदी, कारण ग्रीक-कॅथलिक चर्च १ डिसेंबर १९४८ ला बेकायदा ठरवली गेली. तारीख बघा, विलीनीकरणाच्या बरोबर तिसाव्या वर्षदिनी. मानिऊ ५ फेब्रुवारी १९५३ ला कोठडी क्रमांक ९ मध्ये वारले, वय ८०. शहराबाहेर गरिबांच्या स्मशानभूमीत खूण न ठेवता पुरलं. बरोबर दहा वर्षांनी, ५ फेब्रुवारी १९६३ ला, मिहालाके रम्निकू सारातच्या तुरुंगात वारले. आज सिगेतच्या त्या तुरुंगात संग्रहालय आहे आणि ती कोठडी बघता येते.

प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न नक्की येतील. अल्पसंख्याकांचं काय? उत्तर: आल्बा युलियाच्या ठरावात इतर समाजांना स्वतःच्या भाषेत शिक्षण, कारभार आणि न्याय देण्याचं वचन होतं. ते पूर्ण पाळलं गेलं नाही, मानिऊंच्या काळातही नाही. दुसरा, मानिऊ १९४४ नंतर देश सोडून का गेले नाहीत? त्याचं उत्तर देताना पुन्हा १९१४ चा नकाशा लावा. दुसऱ्यांच्या राज्यात राहून, तिथल्याच संसदेत आणि कोर्टात लढायची सवय त्यांना तरुणपणापासून होती.

आणि अश्विनीताई, फळ्यावर क्लुज लिहाल तिथे खाली कंसात कोलोझवार हे हंगेरियन नावही लिहा, आल्बा युलियाखाली ज्युलाफेहेरवार. १९१८ च्या आधीच्या नकाशांवर तीच नावं छापलेली असतात, नाही तर दोन वेगळी शहरं समजून लोक विचारत बसतील.